फ्रँकेन्स्टाइनचा खटका

(धागा)

१९७४ साली प्रदर्शित झालेल्या ‘यंग फ्रँकेन्स्टाइन’ या विडंबनपटाची जुळवाजुळव चालू असताना दिग्दर्शक मेल ब्रुक्सपुढे एक अडचण होती. चित्रपट कृष्णधवलच असावा आणि त्यातली प्रयोगशाळा १९३१ च्या मूळ ‘फ्रँकेन्स्टाइन’मधल्यासारखी दिसावी, असा त्याचा हट्ट होता. ती यंत्रे पुन्हा घडवायची कोणी आणि कशी?

चौकशीअंती कळले की घडवायची गरजच नाही. लॉस एंजेलिस परिसरात राहणाऱ्या, पंचाहत्तरी ओलांडलेल्या एका वीजतंत्रज्ञाने ती यंत्रे चार दशके आपल्या गॅरेजमध्ये सांभाळून ठेवली होती. या गृहस्थाचे नाव केनेथ स्ट्रिकफाडन. ब्रुक्सने यंत्रे भाड्याने घेतली आणि श्रेयनामावलीत त्याचे नाव घातले. १९३१ च्या चित्रपटात ते नव्हते.

आज अमेरिकेत आणि ब्रिटनमध्ये हौशी मंडळी घरातल्या खेळाच्या खोलीत, बिलियर्डच्या टेबलामागे किंवा पिनबॉलच्या यंत्राशेजारी, जुन्या वीजकेंद्रातला तांब्याचा भला मोठा खटका भिंतीवर बसवतात. मूठ खाली ओढली की दिवे लागतात, काटे थरथरतात. जुन्या सामानाच्या बाजारात या वस्तूला सर्रास ‘फ्रँकेन्स्टाइन स्विच’ म्हटले जाते. एका भयपटाचे नाव एका औद्योगिक अवजाराला कसे चिकटले आणि त्या अवजाराचे मूळ काम काय होते, याची ही हकीकत.

सुरुवात न्यूयॉर्कमधून. ४ सप्टेंबर १८८२ रोजी एडिसनचे पर्ल स्ट्रीट केंद्र सुरू झाले. ‘जम्बो’ नावाचे, सुमारे २७ टन वजनाचे डायनॅमो ११० व्होल्टचा एकदिश प्रवाह (डीसी) तयार करीत आणि तो आसपासच्या इमारतींना पुरवला जाई. वीज तयार करणे हा प्रश्नाचा अर्धाच भाग होता. ती कोणत्या वाहिनीत सोडायची, कोणत्या वाहिनीतून तोडायची, कोठे किती भार आहे हे एका माणसाला एका जागी उभे राहून दिसले पाहिजे. या गरजेतून वीजकेंद्रातला तो भव्य फलक, म्हणजे स्विचबोर्ड, आकाराला आला.

फलक दगडाचा असे. लाकूड पेट घेते. त्या काळी चांगले कृत्रिम रोधक पदार्थ फारसे उपलब्ध नव्हते. बॅकेलाइट यायला विसावे शतक उजाडावे लागले. दगड जळत नाही, वाकत नाही, त्याला भोके पाडता येतात. म्हणून स्लेट, म्हणजे शाळेच्या पाटीचाच दगड, दोन-दोन इंच जाडीच्या लाद्यांमध्ये कापून वापरला जाई. स्लेटमध्ये एक खोड होती. तिच्यात कधीकधी धातूच्या बारीक शिरा असतात आणि त्यांतून वीज झिरपू शकते. त्यामुळे जिथे दाब जास्त, तिथे संगमरवर पसंत केला जाई. जुन्या वीजकेंद्रांची छायाचित्रे पाहताना एखाद्या राजवाड्याचा भास होतो. त्यात हौसेचा भाग होताच; पण संगमरवर तिथे केवळ शोभेसाठी आलेला नव्हता.

या फलकावर बसत असे तो ‘नाइफ स्विच’. रचना इतकी साधी की तिला आकृतीचीही गरज नाही. तांब्याचे एक सपाट पाते, त्याच्या एका टोकाला बिजागर, दुसऱ्या बाजूला पाते घट्ट पकडणारा तांब्याचा जबडा आणि ओढण्यासाठी रोधक मूठ. पाते जबड्यात असले की मार्ग जोडलेला. बाहेर असले की तुटलेला. सगळे उघड्यावर. चालकाला पन्नास फुटांवरूनही कोणती वाहिनी चालू आहे ते कळावे, हाच त्या उघडेपणाचा हेतू होता.

खरी कसोटी मार्ग जोडताना लागत नाही, ती तोडताना लागते. भार चालू असताना पाते जबड्यातून सुटले की प्रवाह सहजासहजी थांबत नाही. मधल्या फटीतल्या हवेतून तो वाहतच राहतो आणि हजारो अंशांची झगझगीत कमान तयार होते. हिला आर्क म्हणतात. प्रत्यावर्ती प्रवाह (एसी) प्रत्येक आवर्तनात दोनदा शून्यावर येतो, म्हणजे अमेरिकेतल्या ६० हर्ट्झच्या पुरवठ्यात सेकंदाला १२० वेळा, आणि त्या शून्याच्या क्षणी कमान विझण्याची संधी असते. एकदिश प्रवाहाला असा शून्याचा क्षणच नसतो. पाते हळू ओढले तर कमान ताणत जाते, तांबे वितळते आणि मूठ धरलेला हात भाजू शकतो. म्हणून चालकाला शिकवण असे ती झटक्यात ओढण्याची. पुढे ‘क्विक ब्रेक’ प्रकार आला. त्यात मुख्य पात्याला स्प्रिंगने जोडलेले एक उपपाते असते. मुख्य पाते सुटले तरी ते क्षणभर जबड्यात अडकून राहते आणि मग स्प्रिंगच्या जोराने ताडकन बाहेर येते. माणसाचा हात कितीही संथ असो, अखेरचा तोडणारा झटका स्प्रिंगचा.

चित्रपटातला शास्त्रज्ञ मूठ धरून अंगातला सगळा जोर लावतो ना, त्या अभिनयाचे मूळ हे असे वीजकेंद्रातल्या कामात आहे.

त्या काळातल्या लोकांना वीज म्हणजे केवळ सोय वाटत नव्हती, आणि याला सबळ कारण होते. ११ ऑक्टोबर १८८९ रोजी जॉन फीक्स नावाचा तारकामगार मॅनहॅटनच्या भर रस्त्यावर, तारांच्या जंजाळात अडकून मेला. तो ज्या तारा हाताळत होता त्या कमी दाबाच्या असायला हव्या होत्या. पण दूर कोठेतरी त्यांच्यात उच्च दाबाची वीज उतरली होती. खाली जमलेल्या गर्दीने त्याचे शरीर तारांवर बराच वेळ लटकलेले आणि ठिणग्या उडताना पाहिले. त्यानंतर न्यूयॉर्कमधल्या डोक्यावरच्या तारा हटवण्याच्या मोहिमेला जोर आला.

पुढच्याच वर्षी, ६ ऑगस्ट १८९० रोजी, न्यूयॉर्क राज्यातल्या ऑबर्न तुरुंगात विल्यम केमलर या कैद्याला विजेच्या खुर्चीत मृत्युदंड देण्यात आला. असा मृत्युदंड मिळालेला तो पहिला माणूस. पहिल्या प्रयत्नात तो मेला नाही आणि प्रवाह पुन्हा सोडावा लागला. एडिसन आणि वेस्टिंगहाऊस यांच्या व्यापारी झुंजीचे सावट या खुर्चीवर होते, हे इतिहासाच्या वाचकांना ठाऊक असेलच. त्यात इथे शिरायला नको. लक्षात ठेवण्याजोगे एवढेच की विसावे शतक सुरू होण्याआधी खटका ओढणारा हात ही प्रतिमा मृत्यूशी जोडली गेली होती. हॉलिवूडने तीच प्रतिमा जन्माशी जोडली.

आता ‘फ्रँकेन्स्टाइन’. मेरी शेलीची कादंबरी १८१८ सालची. तिच्यात खटका नाही, फलक नाही, आभाळातली वीज छपरावरून उतरवून घेण्याचा प्रसंगही नाही. राक्षसात जीव नेमका कसा घातला, हे तिने मुद्दाम धूसर ठेवले आहे. विजेचा संदर्भ तिच्या भोवतालच्या चर्चेत मात्र होता. गॅल्व्हानीने १७९१ मध्ये बेडकाच्या पायांवरचे प्रयोग प्रसिद्ध केले होते. त्याचा भाचा आल्डिनी याने १८०३ मध्ये लंडनला फाशी दिलेल्या जॉर्ज फॉस्टर नावाच्या कैद्याच्या प्रेतावर विजेचे प्रयोग केले आणि प्रेताचा जबडा हलला, डोळा उघडला. १८३१ च्या आवृत्तीच्या प्रस्तावनेत शेलीने या गॅल्व्हनिझमचा उल्लेख केला. कादंबरीत तेवढी ठिणगी आहे, यंत्रसामग्री नाही.

यातला सर्वांत गमतीचा दुवा १९१० सालचा. त्या वर्षी या कथेवरचा एक मूकपट निघाला आणि तो काढला होता चक्क एडिसनच्या कंपनीने. ज्या माणसाच्या नावाशी वीज हा शब्द समानार्थी झाला होता, त्याच्या कंपनीचा फ्रँकेन्स्टाइन राक्षस कसा घडवतो? रसायनांच्या कढईत! मोठ्या पात्रातून धूर निघतो आणि हाडांवर मांस चढत जाते. विजेचा मागमूस नाही. १९१० साली प्रेक्षकांच्या डोळ्यांसमोर जादूचे दृश्य म्हणजे अजूनही किमयागाराचे होते.

पुढच्या वीस वर्षांत हे बदलले. १९२७ च्या ‘मेट्रोपोलिस’मध्ये फ्रिट्झ लांगने यंत्रस्त्रीच्या जन्माभोवती प्रकाशाची वलये फिरवली. आणि १९३१ मध्ये युनिव्हर्सल स्टुडिओत दिग्दर्शक जेम्स व्हेलने प्रयोगशाळा उभी करायला घेतली, तेव्हा वीज पुरवायला स्ट्रिकफाडन आला.

स्ट्रिकफाडनचा जन्म १८९६ सालचा, माँटाना राज्यातल्या ॲनाकोंडा गावचा. विजेचा नाद लहानपणापासून. निकामी आणि शिल्लक सामानातून तो उच्च दाबाची, उच्च वारंवारितेची यंत्रे जोडत असे: टेस्ला कॉइल, ठिणगीच्या फटी, फिरती चाके, काचेच्या नळ्या. यांतल्या बहुतेकांचा उपयोग काय, हा प्रश्न गैरलागू होता. त्यांनी कॅमेऱ्यापुढे काहीतरी केले पाहिजे, एवढीच अट. पण जे व्हायचे ते खरोखर व्हायचे. पडद्यावर दिसणाऱ्या ठिणग्या रंगवलेल्या नव्हत्या. सेटवर हजारो व्होल्ट खेळत होते. पुढच्या वर्षीच्या ‘द मास्क ऑफ फू मांचू’मध्ये बोरिस कार्लोफच्या पात्राला विजेचे लोळ झेलायचे होते, तेव्हा कार्लोफच्या जागी उभा राहिला तो स्ट्रिकफाडनच.

प्रेक्षकांनी पाहिलेले दृश्य सर्वांना परिचित आहे. वादळ घोंगावते आहे, मेज साखळ्यांनी वर जाते आहे, खाली खटके ओढले जात आहेत. वेड्या शास्त्रज्ञाची प्रयोगशाळा म्हटली की आजही डोळ्यांसमोर येते ते हेच चित्र. एका कादंबरीकाराने लिहून न ठेवलेली गोष्ट एका वीजतंत्रज्ञाने इतकी पक्की केली की पुष्कळांना ती मूळ कादंबरीतलीच वाटते.

कालक्रमाकडे मात्र नीट पाहायला हवे. १९३१ साली हा खटका प्राचीन नव्हता, जेमतेम जुनाट होऊ लागला होता. उघड्या पात्यांचे फलक अनेक ठिकाणी कामावर होते; पण नव्या केंद्रांत ‘डेड फ्रंट’ पद्धत रुळत होती. म्हणजे फलकाच्या दर्शनी बाजूला जिवंत तांबे अजिबात नाही. पाती पोलादी पेटीत, आर्क तेलात किंवा बंद कप्प्यात विझणार, चालकाच्या हाती फक्त बाहेरची मूठ. महाराष्ट्रातल्या वाचकाला यासाठी दूर जायला नको. पिठाच्या गिरणीत किंवा विहिरीवरच्या मोटारीजवळ दिसणारा, बाजूला दांडा असलेला लोखंडी ‘मेन स्विच’ हा त्याच घराण्यातला. आत पातीच असतात. मूठ तेवढी बाहेर आणि चांगल्या बनावटीच्या पेटीत दांडा ‘चालू’वर असताना झाकण उघडत नाही. फ्रँकेन्स्टाइनचा खटका लोखंडी सदरा घालून आपल्याकडे अजून नोकरीला आहे, असे म्हणायला हरकत नाही.

उघडे फलक मोडीत निघाले ते टप्प्याटप्प्याने, आणि काही ठिकाणी आश्चर्य वाटावे इतक्या उशिरा. मॅनहॅटनमध्ये एडिसनच्या पद्धतीचा एकदिश पुरवठा पूर्णपणे बंद झाला तो १४ नोव्हेंबर २००७ रोजी. पर्ल स्ट्रीटनंतर १२५ वर्षांनी! जुन्या इमारतींतल्या लिफ्टच्या मोटारी त्यावर चालत राहिल्या होत्या.

मोडीत निघालेल्या फलकांचे काय झाले? बहुतेकांचे तांबे वितळवले गेले आणि स्लेट फोडून टाकली गेली. थोड्यांचे नशीब थोर. लंडनच्या बॅटरसी वीजकेंद्राचा १९३० च्या दशकातला नियंत्रणकक्ष संगमरवरी भिंतींसह शाबूत राहिला. ‘द किंग्ज स्पीच’मध्ये तो पडद्यावर दिसतो. तिथलाच १९५० च्या दशकातला दुसरा कक्ष २०२२ पासून मद्यालय झाला आहे. ग्राहक पेला ठेवतात त्याच्या आसपास काटे आणि बटणे तशीच आहेत.

उरलेले सुटे तुकडे घराघरांत पोहोचले. या हौसेला ‘स्टीमपंक’ असे लेबल लावले जाते. हा शब्द के. डब्ल्यू. जेटर या लेखकाने १९८७ मध्ये, विशिष्ट धाटणीच्या कादंबऱ्यांसाठी, अर्ध्या थट्टेने सुचवला. नाइफ स्विचला तो लावणे म्हणजे मावळत्या पिढीचे आडनाव उगवत्या पिढीला देणे. वाफेच्या इंजिनाला खटका लागत नाही, झडप लागते.

आता प्रत्यक्ष जोडणीकडे, कारण इथे इतिहास आणि जीव दोन्ही पणाला लागतात. हौशी माणसाच्या मनात पहिला विचार येतो तो सोपा: भिंतीतली वीज थेट खटक्यात आणायची आणि तिथून दिव्यांना द्यायची. खटका तर शेकडो अँपिअरचा, घरचे दिवे ते केवढे! हा युक्तिवाद बिनचूक आहे आणि म्हणूनच घातक आहे. खटक्याला काही होणार नाही. पण वीजकेंद्रात त्या फलकासमोर प्रशिक्षित माणूस उभा असे, पायाखाली रबरी चटई असे आणि बाहेरच्यांना प्रवेश नसे. खेळाच्या खोलीत पाहुणे असतात, मुले असतात, हातात ओले पेले असतात, आणि समोर २३० व्होल्टचे उघडे तांबे हाताच्या उंचीवर.

जाणकार लोक म्हणून वेगळा मार्ग घेतात. खटक्यातून फक्त १२ व्होल्टचा लहानसा प्रवाह न्यायचा, तोही फ्यूज असलेल्या बंद ॲडॅप्टरमधून. त्या प्रवाहाने पेटीत बंद केलेली रिले चालवायची आणि दिव्यांची खरी वीज त्या पेटीतच जोडायची-तोडायची. मूठ तीच, तिचा खणखणाट तोच. पाती मात्र हाताला निरुपद्रवी.

जुन्या मापकांचे तंत्रही असेच उलटे विचार करायला लावते. ५०० अँपिअर लिहिलेला अँमीटर पाहून वाटते की त्याचा काटा हलवायला ५०० अँपिअर लागतील. बहुतेक मोठ्या मापकांतून एवढा प्रवाह कधी गेलाच नाही. तो जाई बाजूच्या जाड धातुपट्टीतून, जिला शंट म्हणतात. मापक त्या पट्टीच्या दोन टोकांमधला सूक्ष्म दाबफरक मोजत असे. पूर्ण वाचनाला ५० मिलिव्होल्ट हे प्रमाण सर्रास आढळते. तेव्हा हा दणकट दिसणारा काटा एका साध्या सेलवर, योग्य रोध मध्ये घालून, डौलाने हलतो आणि भिंतीतल्या विजेला थेट जोडला तर क्षणात जळतो.

आणखी काही गोष्टी दिसायला मोहक, पण घरात आणण्याआधी दहादा विचार करण्याजोग्या. काळ्या लादीसारखा दिसणारा फलक दर वेळी स्लेटच असेल असे नाही. ॲस्बेस्टॉस मिसळलेले काळे फलकही याच कामाला वापरले जात आणि त्यांना भोक पाडणे म्हणजे ती भुकटी श्वासात घेणे. जुन्या कपॅसिटरमध्ये पीसीबी तेल असू शकते. अमेरिकेत त्याच्या उत्पादनावर १९७९ मध्ये बंदी आली. अंधारात चमकणाऱ्या काही मापकांवर रेडियमचा रंग असतो. पाऱ्याचा आर्क रेक्टिफायर, तो निळसर उजेडात पेटणारा काचेचा अष्टपाद, सर्वांत देखणा आणि फुटला तर सर्वांत त्रासदायक. आणि वर चढत जाणाऱ्या ठिणगीची ती ‘जेकबची शिडी’, जी स्ट्रिकफाडनच्या प्रयोगशाळेची आठवण म्हणून अनेकांना हवी असते, तिच्यासाठी निऑन फलकाचा ट्रान्सफॉर्मर वापरतात. तो १५,००० व्होल्टपर्यंत देऊ शकतो. तिथे चुकीला दुसरी संधी नसते.

भिंतीवरचा खटका जाणकाराने लावला आहे की निव्वळ सजावटकाराने, हे ओळखण्याच्या दोन खुणा आहेत. पहिली, एकेरी खटका असा बसवतात की पाते वजनाने पडलेच तर मार्ग तुटावा, जोडला जाऊ नये. म्हणजे बिजागर खाली, जबडा वर. मूठ वर नेली की चालू. गुरुत्वाकर्षणाने आपोआप वीज सुरू होता कामा नये, हा त्यामागचा साधा विचार. दुसरी, पुरवठ्याची तार जबड्याला आणि भाराची तार बिजागराच्या बाजूला, म्हणजे खटका उघडा असताना बाहेर लोंबणारे पाते निर्जीव असते. सजावटीत मात्र बहुधा उलट दिसते: मूठ वर, आणि नाट्यमय रीतीने खाली ओढायची. कारण चित्रपटाने डोळ्यांना तीच सवय लावली.

विक्रेते अशा खटक्यांचे तांबे आरशासारखे चकचकीत करून देतात. गिऱ्हाइकाला तेच आवडते. जबड्याच्या कडेला, पाते शेवटी जिथून सुटत असे तिथे, बारीक खड्डे आणि वितळून थिजलेले थेंब असतात. प्रत्येक थेंब म्हणजे भार चालू असताना कोणीतरी कधीतरी ओढलेली मूठ. ते कानशीने आधी घासले जातात. त्याच वेळी फलकावरची पितळी पट्टी, जिच्यावर वाहिनीचा क्रमांक किंवा रस्त्याचे नाव कोरलेले असते, बहुधा वेगळी काढून वेगळी विकली जाते. मग तो खटका कोणत्या शहरातला, कोणत्या रस्त्याला उजेड देणारा होता, हे कोणाला सांगता येत नाही.

स्ट्रिकफाडन १९८४ साली वारला. ‘यंग फ्रँकेन्स्टाइन’ कोठे पाहायला मिळाला तर सुरुवातीची नामावली ओलांडून पुढे जाऊ नये. मूळ प्रयोगशाळेच्या यंत्रांचे श्रेय तिथे त्याच्या नावे आहे.